ठाणेदाराचे अडतीस

बाहेर शेहेचाळीस.
आत बाटलीत ठाणेदाराचं रक्त
सदतीस अंशांवर बहात्तर तास निवांत वाढत होतं.
मे महिन्यात सेमिनरी हिल्सवरची सगळ्यात थंड जागा
म्हणजे आमचं इनक्युबेटर,
हा विनोद मी दरवर्षी करते.

ठाणेदार, गुणाबाईचा नर.
अडीच वर्षांचा, पांढरा, मानेला घडी,
चाल अशी की नाग नदीकाठची कुत्री उठून वाट देतात.
"मादी धरते जी, धरत नाही असं नाही.
पन पिल्लं चार. कधी पाच.
उन्हानं असन का?"
उन्हानं होतं, खरंय.
पण हिवाळ्यातही चारच होती.

त्याचं वीर्य मी आधीच पाहिलं होतं,
शाळा सुटल्यासारखी धाव.
नापास करायला काही नव्हतं.

मग थेंब हातभर उंचीवरून काचपट्टीवर सोडला.
पेशी फुटते, गुणसूत्रं पसरतात,
सांडलेल्या शेवयांचे तुकडे.
संगणक तीन आठवडे बंद,
म्हणून छापली, कात्रीनं कापली, जोड्या लावत बसले.
माझी आई पत्रिका जुळवायची,
छत्तीसातले किती, ते बोटांवर.
मीही तेच करते, फक्त अडतीस,
आणि इथे नाडीदोषाला शांत नाही.

सतरा जोड्या बसल्या.
एक नंबर आणि चौदा नंबर बसेनात.
एकाचं शेपूट चौदाला, चौदाचं एकाला.
तीस पेशी मोजल्या, तिसांत हेच.
काही हरवलेलं नाही,
नुसता पत्ता बदललेला.

त्याला स्वतःला काही होत नाही.
हिशेब पुढच्यांचा चुकतो,
कुणाच्या वाट्याला एकच गोष्ट तीनदा, दुसरी एकदाच,
ती विसाव्या दिवसाच्या आत विरघळतात.
मादीला कळत असेल की नाही, ठाऊक नाही.
तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी
माणूस मोजतो
आणि मादीकडे बघतो.

गुणाबाई आली तेव्हा मी म्हटलं, संत्र्याचं कलम असतं ना,
एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या खुंटावर,
तसं समजा.
ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली.
"पन कलमाले तं फळ जास्त लागते नं जी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
म्हणजे होतं, पाठ होतं,
पण ते या प्रश्नाचं नव्हतं.

मग तिनं बोटं धरली.
"लाली इकली कामठीले.
डब्बी इकली.
कानफाटी.
मोठीले तं काठीनं मारलं मी एकदा,
रिकामी खाते म्हून."
करंगळीवर बोट तसंच राहिलं.
कूलर घुरघुरत होता.

रिपोर्टवर लिहिलं : प्रजननासाठी वापरू नये.
त्याखाली : भाऊ, मुलगे कुठे गेले ते कळवावे.
"तीन हिंगण्याले. एक काटोलले.
बाकीचे बजारात, आता कोनाले इचारू?"
जाताना म्हणाली, "थो फोटू द्या."
मला वाटलं, विकणाऱ्याच्या तोंडावर मारेल,
पैसे परत मागेल.

ऑगस्टमध्ये नमुने घ्यायला गेले.
ठाणेदार खच्ची झालेला, दुप्पट,
बाभळीखाली घोरत होता
अडतीसच्या अडतीस घेऊन.
मागे डुकरांच्या कोठ्यात फोटो,
दुधाच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवलेला,
जमिनीपासून हातभर,
वाकल्याशिवाय दिसणार नाही इतका खाली.
"त्याइच्यासाठी हाय," गुणाबाई म्हणाली,
आणि पाण्याची बादली घेऊन पुढे गेली.

मी वाकले.
पिशवी एका कोपऱ्यात फाटली होती.
चौदा नंबर कुणीतरी चाटून
पुसट केला होता.